पडक्या गडाची साक्ष

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, स्टोनहेवन गावानजीक, डनॉटर नावाचा एक भग्न दुर्ग उभा आहे. तिन्ही बाजूंस उत्तर समुद्र गर्जत असतो. खाली सुमारे 160 फुटांचा तुटलेला कडा, आणि मुख्य भूमीशी जोडणारी केवळ एक चिंचोळी पट्टी. कीथ या पराक्रमी कुळाचे हे ठाणे. अशा स्थळी जाणाऱ्याने काय पाहावे? केवळ शौर्य पाहावे, असे पुष्कळांना वाटते. परंतु तेवढे पुरेसे नाही.

शौर्य येथे आहे, यात संशय नाही. 1651 साली क्रॉमवेलच्या सैन्याने स्कॉटलंड जिंकत आणले, तेव्हा राजमुकुट, राजदंड आणि राजखड्ग याच गडावर होते. थोडक्या शिबंदीने आठ महिने वेढा सोसला. अखेर गड पडला. पण मुकुट शत्रूच्या हाती लागला नाही. किनेफच्या धर्मोपदेशकाची पत्नी ख्रिश्चन फ्लेचर हिच्या धाडसामुळे ही राजचिन्हे आधीच बाहेर जाऊन तेथील चर्चच्या जमिनीखाली पुरली गेली होती. 1660 साली राजा परतल्यावर ती पुन्हा प्रकट झाली. आज ती एडिंबरोच्या किल्ल्यात आहेत.

परंतु याच गडाच्या एका तळघरात 1685 साली 167 स्त्रीपुरुष कोंडले गेले. धर्माच्या बाबतीत राजाची सत्ता त्यांनी मानली नाही, हाच त्यांचा अपराध. कित्येक तेथेच मरण पावले. कोणी पळू पाहताना कड्यावरून कोसळले. ज्या भिंतींनी मुकुट राखला, त्यांनीच हा आक्रोशही ऐकला.

पुढे 1715 च्या बंडात कीथ कुळाचा प्रमुख सामील झाला. बंड फसले, जहागीर जप्त झाली आणि गड ओस पडला. 1925 साली लेडी काउड्रे यांनी डागडुजी आरंभिली, म्हणून तो आजही पाहावयास मिळतो.

तळघराची कथा सांगितल्याने गडाच्या कीर्तीस उणेपणा येतो, असे कोणी म्हणेल. हे म्हणणे खरे नाही. बंद्यांच्या दुःखाने ख्रिश्चन फ्लेचरचे धैर्य तिळभरही कमी होत नाही. उलट, बळापुढे न नमण्याचे जे धैर्य तिच्या ठायी होते, तेच त्या अंधाऱ्या कोठडीतही होते. त्याला मुकुटाची झळाळी लाभली नाही, इतकेच. दिवाणखाना दाखवून तळघराचे दार लावून घेणारा वाटाड्या इतिहास सांगत नाही. तो केवळ स्तुती गातो. भग्न वास्तू जपावयाची, ती तिची संपूर्ण साक्ष ऐकण्यासाठी.