घर कुणाचं, पाटी कुणाची?



जुन्या घरांवरच्या पाट्या थांबून वाचायची मला सवय आहे. 'येथे अमुक अमुक राहत होते', खाली पद आणि साल. 'राहत होते' हे व्याकरणानं अनेकवचन, पण ते एकाच पुरुषाच्या आदरासाठी. त्या घरात आणखी कोण राहत होतं, हे पाटी सांगत नाही.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरातल्या तिसऱ्या रस्त्यावर १७६५ साली बांधलेलं एक विटांचं घर आहे. १७६९ मध्ये ते सॅम्युअल पॉवेलनं विकत घेतलं आणि त्याच वर्षी एलिझाबेथ विलिंगशी लग्न केलं. १७७५ मध्ये तो महापौर झाला, ब्रिटिश अमलातला त्या शहराचा शेवटचा. स्वातंत्र्यानंतर, १७८९ मध्ये, नव्या सनदेखालचा पहिला महापौरही तोच. साहजिकच घराची ओळख झाली 'महापौर पॉवेल यांचं घर'.

आणि एलिझाबेथ? तिच्या दिवाणखान्यात राजकारणाची चर्चा रंगे, जॉर्ज वॉशिंग्टनचं तिथे जाणं-येणं असे. १७८७ मध्ये राज्यघटना तयार झाली तेव्हा एका बाईनं बेंजामिन फ्रँकलिनला विचारलं, की आम्हाला काय मिळालं, प्रजासत्ताक की राजेशाही? प्रजासत्ताक, पण ते तुम्हाला टिकवता आलं तर, असं त्यानं उत्तर दिलं. घटनासभेतल्या जेम्स मॅकहेन्रीनं हे रोजनिशीत टिपून ठेवलं, आणि ती बाई म्हणजे श्रीमती पॉवेल, असंही नोंदवलं. फ्रँकलिनचं उत्तर जगभर गाजलं. प्रश्न विचारणारी मात्र पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडी 'कुणी एक बाई' झाली, कधी तर नुसती गर्दी. १७९२ मध्ये वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्षपद सोडायच्या विचारात होता, तेव्हा तिनं सविस्तर पत्र लिहून, त्यानं दुसऱ्यांदा पद का घ्यावं, हे त्याच्यापुढे मांडलं. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत सॅम्युअल गेला. त्यानंतर १८३० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती स्वतःचे व्यवहार स्वतः पाहत होती. मत देण्याचा अधिकार मात्र तिला कधीच मिळाला नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती झाली ती १९२० मध्ये!

पुढे हे घर पाडायची वेळ आली. १९३१ मध्ये फ्रान्सिस विस्टर या बाईनं संस्था उभारून ते वाचवलं. आज तिथे संग्रहालय आहे.

यात आपलं काय, असं कुणी विचारील. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं आपल्या नगरपालिकांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आता दालनाच्या दारावर पाटी बाईची असते, आणि 'आत कारभार नवऱ्याचाच' म्हणून लोक हसतात. हे घडत नाही असं मी म्हणणार नाही. पण पुरुषाच्या पदामागे बाईची बुद्धी असली की आपण तिला 'साथ' म्हणतो, आणि बाईच्या पदामागे पुरुष उभा राहिला की तीच 'बाहुली' ठरते. नवरा तिच्या खुर्चीत बसतो, त्यालाही काही नाव द्याल की नाही? दोन्हीकडे समज एकच: सत्ता घराची, आणि घर पुरुषाचं.

म्हणून पाटीवर बायकोचं नाव जोडलं की काम झालं, असं मला वाटत नाही. तिनं काय विचारलं, काय लिहिलं, काय सांभाळलं, हे लिहायला हवं. आणि निवडून आलेल्या मैत्रिणीला सभेत बोलण्याचा, सही करण्याचा, नकार देण्याचा अधिकार स्वतः बजावता येईल, यासाठी आपण तिच्या पाठीशी उभं राहायला हवं.

तुमच्या गावात जुन्या नगराध्यक्षांच्या घरावर पाटी असेल तर जरूर वाचा. त्या घरातल्या बायकांविषयी आसपासच्या म्हाताऱ्या आजींना विचारा. जे कळेल ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवते आहे.