चाळीस बायोडेटा आणि एक गॅप

नोकरीच्या फॉर्मवर ‘एज्युकेशन गॅप’ नावाचा रकाना असतो. तो भरताना हात थांबला नाही असा पहिल्या पिढीतला पदवीधर मला अजून भेटायचा आहे. बारावीनंतर दोन वर्षे मी परभणीजवळच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोंदी लिहीत होते. वडील आजारी होते आणि धाकट्या दोघांची शाळा चालू होती. पुढे इंजिनिअर झाले. पण कॅम्पसला आलेल्या एका मोठ्या कंपनीची अट होती : दहावीपासून सलग 60 टक्के आणि गॅप एका वर्षापेक्षा जास्त नको. माझे टक्के 74 होते. लेखी परीक्षेलाही बसू दिले नाही.

म्हणून मिच केपॉर या अमेरिकन गुंतवणूकदाराची एक गोष्ट वाचली तेव्हा ती दोनदा वाचली. केपॉरने 1982 मध्ये लोटस ही कंपनी काढली. जानेवारी 1983 मध्ये तिचे ‘लोटस 1-2-3’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि पहिल्याच वर्षी 5 कोटी 30 लाख डॉलरची विक्री झाली. त्याआधी हा गृहस्थ रेडिओवर गाणी लावत होता, ध्यानधारणा शिकवत होता, मनोरुग्णांच्या दवाखान्यात समुपदेशक होता. आपल्याकडचा एचआर म्हणाला असता, ‘प्रोफाइलमध्ये सातत्य नाही.’

कंपनी वाढली, शिकलेसवरलेले व्यवस्थापक आले. तेव्हा तिथे काम करणाऱ्या फ्रीडा क्लाइन यांनी (पुढे केपॉर यांच्या पत्नी) एक प्रयोग केला. लोटसच्या पहिल्या चाळीस माणसांचे बायोडेटा नावे बदलून त्यांनी कंपनीच्याच भरतीत घातले. एकालाही मुलाखतीचे बोलावणे आले नाही. त्या चाळिसांत खुद्द केपॉरही होता! ज्यांनी कंपनी उभी केली तेच कंपनीच्या ‘मेरिट’मध्ये बसले नाहीत.

मेरिटवर आपण इतके वाद घालतो, पण इतका स्वस्त आणि इतका चोख पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

लोटस पुढे 1995 मध्ये आयबीएमने घेतली. पैसेवाले झालेले केपॉर दांपत्य दानाकडे वळले, पण फक्त धनादेश फाडून थांबले नाही. 2004 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात त्यांनी ‘स्मॅश’ सुरू केले : कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि इतर वंचित समाजांतली शाळकरी मुले तीन उन्हाळे, दरवेळी पाच आठवडे, कॉलेजच्या आवारात राहून गणित-विज्ञान शिकतात. राहणे महत्त्वाचे. वसतिगृह मिळाल्यामुळे जे शिकले त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्यांचा गुंतवणूक फंडही गरीब आणि वर्णभेद सोसणाऱ्या लोकांपुढची दरी कमी करणाऱ्या कंपन्याच शोधू लागला. 2019 मध्ये त्यांनी परतावा जाहीर केला, तर तो तशाच फंडांच्या वरच्या चौथाईत निघाला. ‘समाजकार्य करायचे तर नफा विसरा’ म्हणणाऱ्यांची पंचाईत.

मला हे देवमाणूस वाटत नाहीत. उबरमध्ये यांचे सुरुवातीपासून पैसे होते. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्या एका माजी इंजिनिअर बाईने लैंगिक छळाबद्दल जाहीर लिहिले, तेव्हा दोघांनी संचालक मंडळाला खुले पत्र धाडले : आतून सांगून थकलो. किती गुंतवणूकदार एवढे तरी करतात? पण ते पत्र ऑफिसातल्या वातावरणाबद्दल होते, गाडी चालवणाऱ्याच्या मजुरीबद्दल नव्हते. आणि दान हे शेवटी देणाऱ्याच्या मर्जीचे. बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, तरी संविधानात त्यांनी शिष्यवृत्तीवर विसंबून राहायला सांगितले नाही, हक्क लिहिले. खाजगी कंपन्यांत मात्र आरक्षण नाही. तिथला दरवाजा एखाद्या फॉर्ममधल्या रकान्याने बंद होतो, आणि तिथे जात कोणी विचारतही नाही, इतके सगळे सभ्य असते.

आज मी बेंगळुरूमध्ये टीम लीड आहे. छोट्या कंपनीतून शिरले, मग इथे आले. गेल्या महिन्यात आमच्याच तालुक्यातल्या एका मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर बायोडेटा पाठवला, ‘ताई, बघाल का?’ पोर्टलवर तिचा अर्ज आपोआप बाद झाला होता. तीन वर्षांचा गॅप. तिने केलेला कोड मी उघडून पाहिला. माझ्या टीममधल्या दोघांपेक्षा तो स्वच्छ आहे.

खरे सांगायचे तर चार दिवस मी काहीच केले नाही. माझे सहकारी भाचे-मेहुणे रेफर करतात, त्याला नेटवर्क म्हणतात. मी केले की ‘आपल्या लोकांना आणते’ होईल, ही भीती. पाचव्या दिवशी एचआरला मेल केला : गॅपची अट काढा, निदान आमच्या टीमपुरती. चाळीस बायोडेटांची गोष्टही त्यात लिहिली. उत्तर आले, ‘पॉलिसी टीमला कळवतो.’ परवा पुन्हा आठवण केली, या वेळी माझ्या मॅनेजरला सीसीत ठेवून. मुलीला सांगितले आहे, दुसरीकडेही अर्ज करत राहा.