विश्लेषण : वारा भरपूर, पवनचक्क्याही तयार; पण ग्रिडमध्ये जागा किती?

भारताची पवनऊर्जा क्षमता २०२५ मध्ये ५० हजार मेगावॉटच्या पुढे गेली. गुजरात, तमिळनाडू, कर्नाटकपाठोपाठ महाराष्ट्राचा वाटा पाच हजार मेगावॉटहून अधिक आहे. राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार १५० मीटर उंचीवर एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख ७४ हजार मेगावॉटची संधी आहे. मात्र नव्या प्रकल्पांपुढचा पहिला प्रश्न आता वाऱ्याचा राहिलेला नाही. तयार झालेली वीज वाहून नेण्यासाठी ग्रिडमध्ये जागा आहे का, हा तो प्रश्न आहे. ही जागा मोजतात कशी आणि त्या मोजणीवर काय काय अवलंबून असते, याचा हा आढावा.

‘ग्रिडमध्ये जागा’ म्हणजे नेमके काय?

पवनचक्कीतून निघालेली वीज आधी प्रकल्पाच्या स्वतःच्या उपकेंद्रात गोळा होते. तेथून ती २२० किंवा ४०० केव्हीच्या मोठ्या उपकेंद्रात जाते आणि पुढे अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांवरून शहरे, कारखाने व शेतीपर्यंत पोहोचते. या साखळीतील प्रत्येक दुव्याला मर्यादा असते. उपकेंद्रात नवी वाहिनी जोडायला मोकळी जागा हवी, रोहित्राची क्षमता हवी आणि पुढच्या वाहिनीने तो भार सोसायला हवा. यांतील सर्वांत कमकुवत दुवा जेवढा भार पेलतो, तेवढीच त्या ठिकाणची खरी क्षमता. उपकेंद्रात रोहित्र रिकामे आहे, पण शंभर किलोमीटर पुढची वाहिनी भरलेली आहे, असे अनेकदा घडते. त्यामुळे जवळच्या उपकेंद्रावरचा फलक पाहून जागेचा अंदाज बांधता येत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा?

देशात विजेची दोन जाळी एकमेकांत गुंफलेली आहेत. राज्यांतर्गत जाळे महाराष्ट्रात महापारेषण सांभाळते. आंतरराज्य जाळ्यात जोडणी देण्याचा निर्णय ‘सेंट्रल ट्रान्समिशन युटिलिटी’ ही केंद्रीय कंपनी घेते. साधारण ५० मेगावॉट वा त्याहून मोठे प्रकल्प आंतरराज्य जाळ्याकडे अर्ज करू शकतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०२२ मध्ये त्यासाठी नवे नियम केले. त्यानुसार अर्जासोबत जमिनीची कागदपत्रे, वीजखरेदीचा करार वा मंजुरीपत्र, किंवा जमिनीऐवजी प्रति मेगावॉट १० लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागते. जोडणी मिळाल्यावर वेगळ्या हमी भराव्या लागतात आणि ठरलेल्या मुदतीत प्रकल्प उभा राहिला नाही तर जोडणी रद्द होऊ शकते.

धाराशिव जिल्ह्यातील कळंबजवळचे ४००/२२० केव्ही उपकेंद्र हे आंतरराज्य जाळ्याचे उदाहरण आहे. परळी-पुणे ही ४०० केव्हीची वाहिनी मध्येच वळवून या उपकेंद्रात आणण्यात आली आणि तेथे प्रत्येकी ५०० एमव्हीएची दोन रोहित्रे बसवण्याची योजना आखली गेली, ती परिसरातील पवन व सौर प्रकल्पांची वीज गोळा करण्यासाठी. धुळे परिसरातही दोन हजार मेगावॉटच्या नवीकरणीय ऊर्जा क्षेत्रासाठी अशीच आंतरराज्य योजना आहे. ‘पवनचक्क्या आमच्या शिवारात आणि वीज मात्र भलतीकडे’ ही गावांतील तक्रार येथूनच येते. आंतरराज्य उपकेंद्रात गेलेली वीज ज्याने करार केला त्या वीज कंपनीच्या खात्यात जमा होते. मग ती कंपनी महाराष्ट्रातली असो वा बाहेरची.

क्षमतेची तपासणी कशी होते?

पहिल्या टप्प्यात हिशेब कागदावरचा असतो. उपकेंद्राची एकूण क्षमता किती, त्यातील किती जागा चालू प्रकल्पांना आणि किती मंजूर पण अपूर्ण प्रकल्पांना दिली, हे पाहिले जाते. आंतरराज्य उपकेंद्रांतील शिल्लक क्षमतेची यादी केंद्रीय कंपनी वेळोवेळी संकेतस्थळावर देते.

दुसऱ्या टप्प्यात संगणकावर संपूर्ण जाळ्याचे प्रारूप चालवले जाते. नवा प्रकल्प जोडल्यावर कोणत्या वाहिनीवर किती भार येईल, कोठे व्होल्टेज वाढेल वा पडेल, हे त्यातून कळते. वीज ठरवून दिलेल्या एकाच रस्त्याने जात नाही. कमी अडथळ्याच्या सर्व मार्गांनी ती विभागून वाहते. म्हणून साताऱ्यातील जोडणीचा परिणाम दूरच्या वाहिनीवरही दिसू शकतो.

तिसरा टप्पा अपघाताचा. एखादी वाहिनी किंवा रोहित्र अचानक बंद पडले तर उरलेले जाळे भार सोसेल का, याची परीक्षा घेतली जाते. तांत्रिक भाषेत याला ‘एन वजा एक’ कसोटी म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्ही वाहिन्या उपलब्ध नसल्याने मुंबई महानगर अंधारात गेले. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी तर उत्तर, पूर्व व ईशान्य भारतातील सुमारे ६२ कोटी लोकांची वीज गेली होती. दोन्ही वेळा धडा एकच होता : जाळे काठोकाठ भरून चालवले की एका बिघाडाची साखळी होते.

पवनऊर्जेसाठी आणखी वेगळी परीक्षा का?

औष्णिक केंद्रातील जड जनित्रे फिरत असतात तेव्हा त्यांच्या गतीमुळे ग्रिडला आपोआप आधार मिळतो. वारंवारिता ५० हर्ट्झच्या आसपास ठेवण्यास ती मदत करतात. आधुनिक पवनचक्क्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमार्फत जोडलेल्या असतात. हा आधार त्यांच्याकडून आपसूक मिळत नाही. जेथे जाळे मुळातच अशक्त आहे, आजूबाजूला मोठी जनित्रे नाहीत, तेथे खूप पवनचक्क्या एकवटल्या तर व्होल्टेज डळमळू शकते.

२८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात हेच अनुभवास आले. वादळाने पारेषण मनोरे कोसळले आणि व्होल्टेज वारंवार खाली गेले. अनेक पवन प्रकल्पांतील संरक्षक यंत्रणेने ठरावीक झटक्यांनंतर उत्पादन कमी केले. संपूर्ण राज्याची वीज गेली. चौकशीनंतर पवनचक्क्यांच्या यंत्रणेतील हे नियंत्रण बदलण्यात आले. दोष वाऱ्यात नव्हता. पवनचक्की झटका किती सोसणार, हे आधी तपासले गेले नव्हते. भारतातही व्होल्टेज क्षणभर कोसळले तरी पवनचक्कीने जोडलेलेच राहावे, असा तांत्रिक निकष आहे. नव्या प्रकल्पाला त्याचे प्रारूप सादर करून हे सिद्ध करावे लागते.

मग अडचण कोठे आहे?

पहिली अडचण वेळेची. सौर वा पवन प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहू शकतो. मोठ्या पारेषण वाहिनीला मात्र आखणी, निविदा, जमिनीचा हक्क, वन परवानगी हे सारे धरून त्याहून बराच अधिक काळ लागतो. राजस्थानात २०२५ मध्ये वाहिन्या वेळेत पूर्ण न झाल्याने दुपारच्या वेळी तयार सौर प्रकल्पांचे उत्पादन कमी करण्याची वेळ आली. तात्पुरत्या परवानगीवर वीज पाठवणाऱ्या प्रकल्पांना त्याचा मोठा फटका बसला. माळढोकच्या अधिवासातील वाहिन्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा आदेश आणि २०२४ मधील त्यातील बदल यांचाही राजस्थान-गुजरातमधील आखणीवर परिणाम झाला.

दुसरी अडचण शेतकऱ्याच्या बांधावरची. मनोऱ्याखालची जमीन अडकते आणि तारांखाली झाडे वा बांधकाम करता येत नाही. केंद्राने जून २०२४ मध्ये मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाईची मार्गदर्शक तत्त्वे दिली. प्रत्यक्ष मूल्य कोणते धरायचे, यावर वाद होतात आणि काम थांबते.

तिसरी अडचण कागदावरच्या आरक्षणाची. काही प्रकल्प जोडणी घेऊन ठेवतात, पण जमीन, करार किंवा पैशांअभावी पुढे सरकत नाहीत. उपकेंद्र प्रत्यक्षात रिकामे आणि यादीत मात्र भरलेले, अशी स्थिती होते. रांगेतील खऱ्या प्रकल्पाला लांबचे उपकेंद्र गाठावे लागते आणि वाहिनीचा खर्च वाढतो.

वाहिन्या खरेच भरलेल्या असतात का?

या विषयाचा गाभा येथे आहे. पवन प्रकल्पाला ३०० मेगावॉटची जोडणी दिली म्हणजे तो वर्षभर ३०० मेगावॉट वीज देतो असे नाही. चांगल्या जागीही वर्षाची सरासरी क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहते. आपल्याकडे वारा जून ते सप्टेंबरमध्ये सर्वाधिक असतो, आणि अनेक ठिकाणी संध्याकाळी व रात्री वाढतो. सौरऊर्जा दुपारी शिखरावर असते आणि सूर्यास्ताला शून्यावर येते.

म्हणजे सौर प्रकल्पासाठी राखलेली वाहिनी रात्रभर जवळजवळ रिकामी असते, नेमकी ज्या वेळी वाऱ्याला वाट हवी असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वाहिनीची क्षमता ३०० मेगावॉट आहे आणि ती पूर्णपणे एका सौर प्रकल्पाला दिली आहे. जुन्या पद्धतीने मोजले तर शिल्लक जागा शून्य. तासागणिक मोजले तर सायंकाळी सहा ते सकाळी सहा या वेळेत जवळजवळ पूर्ण ३०० मेगावॉट शिल्लक. दुपारी दोन्ही एकत्र आले तर जादा वीज बॅटरीत साठवायची किंवा पवनचक्की थोडी आवरायची, अशी अट घालता येते.

केंद्रीय आयोगाने २०२५ मध्ये नियमांत बदल करून सौर-तास आणि बिगरसौर-तास अशी जोडणीची विभागणी आणली, ती याच विचारातून. सौर प्रकल्पाच्या जोडणीवर रात्रीच्या वेळेसाठी पवन वा बॅटरी प्रकल्पाला सामावून घेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. पवन-सौरच्या बदलत्या स्वरूपामुळे प्रकल्पालगतच्या जोडणीसाठी ‘एन वजा एक’ कसोटीत सवलत देण्याचा विचारही नियोजनाच्या निकषांत आहे. वर्षातील मोजक्या तासांसाठी दुसरे रोहित्र बसवायचे की त्या तासांतील थोडी वीज सोडून द्यायची, हा शेवटी खर्चाचा प्रश्न आहे.

नव्या वाहिन्या नकोत का?

हव्यातच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या डिसेंबर २०२२ मधील आराखड्यात, २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगरजीवाश्म क्षमतेसाठी ५०,८९० सर्किट किलोमीटर वाहिन्या आणि सुमारे २ लाख ४४ हजार कोटी रुपयांचा खर्च अंदाजला होता. २०२४ च्या राष्ट्रीय विद्युत योजनेत २०३२ पर्यंतच्या एकूण पारेषणासाठी ९ लाख १५ हजार कोटी रुपयांचा अंदाज आहे. गुजरातमधील खावडा ते नागपूर ही सुमारे १,२०० किलोमीटरची, ६ हजार मेगावॉट वाहून नेणारी ८०० केव्ही एचव्हीडीसी वाहिनी याच विस्ताराचा भाग आहे. राज्यांतर्गत जाळ्यासाठी केंद्राच्या ‘हरित ऊर्जा कॉरिडॉर’च्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र होता, जानेवारी २०२२ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील सात राज्यांत मात्र तो नाही.

याशिवाय जुन्या वाहिन्यांवर अधिक तापमान सोसणाऱ्या तारा ओढून त्याच मनोऱ्यांवरून जास्त वीज नेता येते. त्यासाठी नवी जमीन लागत नाही. साताऱ्यातील वनकुसवडे पठारावर पूर्वी ३५० किलोवॉटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आजची एकच पवनचक्की तीन मेगावॉटच्या घरात असते. जुन्या काढून नव्या बसवण्याचे धोरण केंद्राने २०२३ मध्ये सुधारले. पण त्या डोंगरांवरून खाली येणारी वाहिनी आणि उपकेंद्र जुन्याच क्षमतेचे राहिले, तर नव्या पवनचक्कीची ताकद पठारावरच अडकेल.

सामान्य ग्राहकाचा संबंध काय?

पारेषणाचा खर्च अखेर वीजबिलातूनच वसूल होतो. जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या पवन व सौर प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषण शुल्कात पूर्ण माफी होती. त्यानंतरच्या प्रकल्पांसाठी ती दरवर्षी २५ टक्क्यांनी घटत आहे. म्हणजे दूरच्या राज्यातून वीज आणण्याचा खरा खर्च आता दरात दिसू लागेल आणि मागणीच्या जवळ असलेल्या सातारा, सांगली, धुळे, बीड, धाराशिवच्या वाऱ्याचे मोल वाढेल.

शेती वाहिन्या सौरऊर्जेवर नेल्याने दुपारची गरज भागू शकते. सूर्यास्तानंतरची मागणी मात्र कोळसा, पाणी, बॅटरी आणि वारा यांनीच भागवायची आहे. तेथे पवनऊर्जा सौरऊर्जेची जोडीदार ठरते. गरजेपेक्षा कमी वाहिन्या बांधल्या तर तयार वीज वाया जाते. जास्त बांधल्या तर रिकाम्या तारांचे भाडे ग्राहक भरतो. म्हणूनच जागा पाटीवरच्या मेगावॉटने मोजायची की प्रत्यक्षात तारेतून तासागणिक वाहणाऱ्या विजेने, हा अभियंत्यांच्या संगणकावरचा निर्णय पुढच्या दशकातील वीजदर ठरवण्यात मोठा वाटा उचलणार आहे. प्रत्येक उपकेंद्राची तासागणिक शिल्लक क्षमता राज्य पातळीवरही खुली झाली आणि न सरकणाऱ्या प्रकल्पांची आरक्षणे वेळेवर रद्द झाली, तर नवा मनोरा न उभारताही बऱ्याच पवनचक्क्यांना वाट मिळू शकेल.