बाळाची उलटी : कधी थांबावं, कधी धावावं?

मैत्रिणींनो, पाजल्यावर बाळानं थोडी गुळणी टाकली, पण ते खेळतंय, वजन वाढतंय, तर घाबरू नका. मात्र २ ते ८ आठवड्यांचं बाळ दर वेळी जोरानं, लांबवर ओकत असेल, तर जठराचं आतड्याकडचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. उलटी हिरवी असेल, तर आतड्यात अडथळा असू शकतो. दृष्ट काढत बसू नका, तडक दवाखाना गाठा! जुलाब-उलट्यांत ओकून झाल्यावर १० मिनिटं थांबा, मग ओआरएस चमच्याचमच्यानं पाजा. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या. अंगावरचं दूध चालूच ठेवा. लघवी कमी, डोळे खोल, मूल मलूल? मग सकाळची वाट पाहायची नाही, हं!