३५ दिवस मुलं कुणाकडे?

नशामुक्तीच्या सभा आपल्या वस्त्यांमध्ये होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. मालेगावची ‘कुत्ता गोळी’, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, शहरांतली एमडी यांवर मौलाना बोलतात, पोलीस अधिकारी बोलतात, शाळकरी मुलं फेरी काढतात. पण या सभांमध्ये व्यसनी म्हणजे बिघडलेला तरुण मुलगा आणि त्याच्यापायी रडणारी आई, असंच गृहीत धरलेलं असतं. व्यसन आईलाच असेल तर? आणि घरात कमावणारीही तीच, मुलांना सांभाळणारीही तीच असेल तर? आजचं संपादकीय त्या आईबद्दल आहे, आणि तिच्यासारख्याच एकट्या बापाबद्दलही.

चळवळीच्या कामात पोटगी, खुला, मुलांचा ताबा अशा तक्रारी घेऊन भगिनी येतात. दोन-चार भेटी होऊन विश्वास बसला, की कधीकधी आणखी एक गोष्ट हळू आवाजात बाहेर येते. तलाकनंतर झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या लिहून दिल्या, आणि औषध दुकानदार चिठ्ठी न मागता त्या वर्षानुवर्षं देत राहिला. किंवा नवरा प्यायचा, त्याच्याबरोबर सुरू झालेली दारू तो गेल्यावरही सुटली नाही. अशाच एका बाईने मला विचारलं, “आपा, मैं इलाज के लिए तैयार हूँ. पर पैंतीस दिन बच्चों को किसके पास रखूँ?”

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातला निवासी उपचार ३५ दिवसांचा असतो. डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्रात आता स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे दार आहे, आणि त्या बाईची तयारीही होती. अडलं होतं ते मुलांपाशी. “इच्छाशक्ती हवी” असा उपदेश आपण व्यसनी माणसाला करतो. इथे इच्छाशक्तीचा प्रश्नच नव्हता.

२०१९ साली केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात पुरुषांपैकी २७.३ टक्के आणि स्त्रियांपैकी १.६ टक्के दारू पितात. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळतो. स्त्रियांचं प्रमाण कमी आहे हे खरं. पण त्यामुळेच बहुतेक केंद्रं पुरुषांना डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. तिथे दाखल होणाऱ्याच्या मागे घर सांभाळायला बायको किंवा आई असते, हे धरूनच सगळी व्यवस्था चालते. एकट्या आईमागे कोण आहे, हे कुणी विचारत नाही. बायको वारलेल्या रिक्षावाल्या बापाचीही तीच गत.

दुसरी भीती ताब्याची. हनफी कायद्यानुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत हिजानत, म्हणजे सांभाळण्याचा हक्क, आईकडे असतो. “दवाखान्यात गेलीस तर कोर्टात तेच दाखवू आणि पोरं घेऊन जाऊ,” ही सासरची धमकी मी अनेकींच्या तोंडून ऐकली आहे. पण १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालय मुलाचं हित पाहतं. व्यसन लपवून त्याच घरात मुलं वाढवणं आणि उपचार घेऊन त्याचे कागद जपून ठेवणं, यांत आईची बाजू कशाने भक्कम होते, हे सांगायला वकील लागत नाही. तरीही दाखल होण्याआधी वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. मुलं आईच्या इच्छेने, अमुक तारखेपर्यंत, अमुक नातेवाइकाकडे राहतील, असा साधा लेखी कागद करून ठेवावा.

कायद्यात आणखी काही गोष्टी तिच्या बाजूच्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजारात धरलं आहे. त्या कायद्याखाली सज्ञान व्यक्ती स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकते, नवऱ्याची किंवा भावाची सही लागत नाही. मोजके अपवाद सोडले तर तिच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं केंद्रावर बंधनकारक आहे. कलम २१ सांगतं की उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. चांगली तरतूद आहे. पण चार वर्षांच्या, नऊ वर्षांच्या मुलाचं काय? तिथे कायदा गप्प आहे.

मग घरीच तौबा करून सोडून द्यावी, असा सल्ला मिळतो. त्यातला धोका स्पष्ट सांगायला हवा. वर्षानुवर्षं रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्या अचानक थांबवल्या तरी फिट येण्याची भीती असते. घरात दुसरं मोठं माणूस नसताना, मुलांसमोर हे घडलं तर? म्हणून आधी डॉक्टर. प्रत्येकाला दाखल व्हावंच लागतं असंही नाही. अनेकांचा उपचार बाह्यरुग्ण विभागात, नियमित औषधं आणि समुपदेशनाने होतो. ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

काही वाचक म्हणतील, शराब हराम आहे, मग एवढी हमदर्दी कशाला? हराम आहे, याबद्दल वाद नाही. पण कुरआनात ही मनाई एका दिवसात आली नाही. आधी नुकसानीची जाणीव दिली गेली, मग नशेत नमाजपासून रोखलं गेलं, आणि शेवटी पूर्ण बंदी आली. हदीसमध्ये दारूसाठी पुन्हा पुन्हा शिक्षा झालेल्या एका माणसाचा किस्सा आहे. त्याला शाप देणाऱ्याला पैगंबरांनी थांबवलं, आणि त्या माणसाचं अल्लाह व रसूलवर प्रेम असल्याची ग्वाही दिली. ज्याला गुन्हेगार ठरवलं त्यालाही जमातीबाहेर ढकललं नाही. आपल्या मोहल्ल्यात मात्र बाईचं व्यसन कळलं, की आधी तिच्या मुलीचं स्थळ मोडतं.

म्हणून माझ्या मागण्या दोन ठिकाणी आहेत. सरकारने स्त्रियांच्या व्यसनमुक्ती केंद्रांत मुलांसाठी खोली आणि सांभाळणारी बाई द्यावी, आणि तीन वर्षांची अट वाढवावी. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एक पालक असलेल्या आणि गंभीर आजारी पालकांच्या मुलांना दरमहा २,२५० रुपये मिळतात. व्यसनाचा उपचार घेणाऱ्या एकट्या पालकांचे अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाने तातडीने घ्यावेत.

दुसरी मागणी जमातीकडे. प्रत्येक मोहल्ल्यात चार-पाच विश्वासू घरं अशी असावीत, जी पाच आठवडे दोन मुलांना जेवू-खाऊ घालतील आणि त्यांच्याच शाळेत पाठवतील. घर कोणतं, हे आई ठरवेल. मुलांना तिच्याशी फोनवर बोलता येईल, आणि ती परतली की मुलं परत जातील. त्या काळातलं घरभाडं बैतुलमालमधून जावं. गरीब आणि कर्जबाजारी माणसाचा जकातीवर हक्कच आहे, ते उपकार नाहीत. आणि हे सगळं चौकात बोललं जाऊ नये.

ज्या भगिनीला किंवा भावाला हे वाचताना आपलीच गोष्ट वाटली असेल, त्यांनी राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ वर किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसच्या १४४१६ वर फोन करावा. दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा की मी एकटी आहे, मुलं माझ्याजवळ आहेत. पुढची आखणी तिथून सुरू होऊ द्या. आणि बाकीच्यांनी आपल्या घरात दोन मुलांची अंथरुणं घालायला जागा आहे का, ते आज रात्री पाहावं.