एक ‘सीधी’, एक ‘तेज’: हा हिशेब आता बंद करा

दोन मुली असलेल्या घरी पाहुणे आले की चहा संपायच्या आत निकाल लागतो. कोणती सीधी, कोणती तेज. पाणी आणून देणारी, मान खाली घालून सलाम करणारी ती शरीफ. पाहुण्यांनाच उलट प्रश्न विचारणारी ती जबानदराज. दहा मिनिटांच्या ओळखीवर आपण दोन लहान जिवांना जन्मभराची नावं देतो आणि ‘अल्लाह नसीब अच्छे करे’ म्हणून उठतो.

आपल्या जिल्ह्याचं उस्मानाबादचं धाराशिव व्हायला कित्येक वर्षं गेली. मागण्या झाल्या, मंत्रिमंडळाचे निर्णय झाले, प्रकरण कोर्टात गेलं, 2023 मध्ये अधिसूचना निघाली. मुलीला नवं नाव चिकटवायला मात्र एक खालाजान पुरते. शिवाय जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून इथली माती बदलली नाही. मुलीला रोज एकच नाव ऐकवलं तर मुलगी बदलते. माझं भांडण आहे ते या गोष्टीशी.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. घरी दोन मुली आहेत. थोरली नऊ वर्षांची, चौथीत. धाकटी सहाची, पहिलीत. थोरलीला बूट चावत असला तरी ती सांगत नाही, टाचेला फोड आला की कळतं. धाकटीच्या बुटात खडा गेला तरी गल्लीला कळतं. थोरली एका जागी बसून पान संपवते. धाकटी पाढे जिन्यात म्हणते, चढताना सुलटे आणि उतरताना उलटे. थोरली अनोळखी माणूस आला की माझ्यामागे उभी राहते. धाकटी भाजीवाल्याला विचारते, ‘काल कोथिंबीर दहाची होती, आज पंधराची का?’

आता यात चांगली कोण आणि वाईट कोण? मला विचाराल तर प्रश्नच चुकीचा आहे. पण आमच्याकडे येणाऱ्यांना तो चुकीचा वाटत नाही. ‘बडी कित्ती सीधी है! छोटी कू अब्बीच संभालो, नै तो आगे भारी पडेगी.’ हे वाक्य दोघींच्या समोर बोललं जातं, जणू मुलींना कान नसतात. सहा वर्षांच्या मुलीला भाजीचा भाव कळतो, तिला हे वाक्य कळत नसेल?

आपल्या भागात शेळ्या सांभाळणाऱ्या माणसाला हे आपल्यापेक्षा चांगलं समजतं. उस्मानाबादी शेळी जुळी करडं देण्यासाठी प्रसिद्ध. एकाच वेताची दोन करडं, एक उठल्या उठल्या बांधावर उडी मारतं, दुसरं आईला चिकटून राहतं. शेळीवाला पहिल्याला बिघडलेलं म्हणत नाही आणि दुसऱ्याला शहाणं म्हणत नाही. ज्याला जसं लागतं तसं बघतो. करडाला दिलेली ही मुभा आपण मुलीला का देत नाही?

उर्दू शिकलेल्या प्रत्येकाने दोन बहिणींची एक गोष्ट वाचलेली किंवा निदान ऐकलेली असते. डेप्युटी नझीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ ही कादंबरी, 1869 ची. अकबरी थोरली, नानीच्या लाडाने बिघडलेली, घर बुडवणारी. असगरी धाकटी, सलीकेदार, बुडतं घर वर काढणारी. नझीर अहमद यांचं ऋण मोठं आहे. मुलींना वाचायला हाती काही नव्हतं त्या काळात त्यांनी स्वतःच्या मुलींसाठी लिहिलं. पण या पुस्तकाचं आपण काय केलं? असगरी हिशेब ठेवते, पत्रं लिहिते, घरात मुलींचं मकतब चालवते. ते सगळं आपण विसरलो. लक्षात काय ठेवलं, तर एक बहीण सगळी चांगली आणि दुसरी सगळी वाईट. मकतब बंद केलं आणि तराजू तेवढा जपून ठेवला. दीडशे वर्षं होऊन गेली, तरी घरोघरी आपण एक अकबरी आणि एक असगरी शोधतोच आहोत.

या तराजूत फक्त धाकटीचंच नुकसान होतं असं कुणाला वाटत असेल, तर तो मोठा गैरसमज आहे. ‘तेज’ म्हटलेल्या मुलीला निदान राग येतो. ‘सीधी’ म्हटलेल्या मुलीला बक्षीस मिळतं आणि ते बक्षीस तिचं तोंड बंद करतं. भूक लागली, बोलली नाही, शाबास. दुखलं, रडली नाही, शाबास. तिच्या वाटचं दुसऱ्याने घेतलं, गप्प राहिली, शाबास. अशी हजार शाबासक्या मिळालेली मुलगी उद्या एस.टी.त कुणी त्रास दिला तर कंडक्टरला सांगेल? सातवीनंतर शाळा बंद म्हटलं तर ‘मला शिकायचंय’ म्हणेल? तिने कुठे शिकावं हे बोलणं?

आणि पुढचं ऐका. कुंवाऱ्या मुलीची खामोशी हीच तिची इजाजत, हे आपण निकाहाच्या वेळी मोठ्या विश्वासाने सांगतो. त्या नियमामागे लाजेचा विचार आहे, मुलीवरची दया आहे. पण त्याला एक अट आपोआप जोडलेली आहे. त्या मुलीला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. जिला नऊ वर्षांपासून गप्प राहण्याचं बक्षीस मिळालं, तिच्या गप्प राहण्यावरून तुम्ही काय सिद्ध करणार? हजरत खनसा बिन्ते खिदाम (रजि.) यांचा निकाह त्यांच्या वडिलांनी मर्जीविरुद्ध लावला. त्या थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या, बोलल्या, आणि तो निकाह रद्द झाला. आज आपल्या मोहल्ल्यात एखादी मुलगी अशी उठून गेली तर तिला काय म्हणाल? तेज. जबानदराज. माँ ने सर पे चढाके रखा.

1982 मध्ये जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमा पाहू नये असा फतवा निघाला, तेव्हा रझिया पटेल नावाची तरुण मुलगी त्याविरुद्ध उभी राहिली. पुढे तिचं ‘चाहूल’ आलं. आज आपण व्याख्यानांत तिचं नाव घेतो. अशी मुलगी दुसऱ्याच्या घरी जन्मली की कौतुक, आपल्या घरी जन्मली की काळजी. हा दुटप्पीपणा कुठवर चालवायचा?

म्हणजे दोन शिक्के वेगळे दिसतात, पण धडा एकच आहे. एकीला गप्प राहण्याबद्दल गोंजारायचं, दुसरीला बोलण्याबद्दल टोचायचं. शेवटी दोघींनी गप्प बसावं, एवढीच इच्छा. स्वभाव-बिभाव सगळं निमित्त.

माझ्या पेशातल्या लोकांनाही मी सोडणार नाही. प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदींचे रकाने असतात. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. ‘शांत स्वभावाची आहे’ हे विशेष प्रगतीत जातं आणि ‘वर्गात बडबड करते’ हे सुधारणेत. कुणी मला सांगावं, शांत असणं ही कोणत्या विषयातली प्रगती? जी मुलगी वर्षभर एकदाही हात वर करत नाही, तिच्यासाठी सुधारणेच्या रकान्यात काही नसतं आणि रोज सात प्रश्न विचारणारीसाठी प्रगतीच्या रकान्यात काही नसतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 ने मुलांना मारायला बंदी केली आणि मानसिक छळालाही बंदी केली. छडी बऱ्याच ठिकाणी गेली. ‘तुझी बहीण बघ आणि तू बघ’ हे वाक्य अजून तसंच आहे. एकाच शाळेत दोन बहिणी असल्या की दुसरीला पहिल्या दिवसापासून पहिलीच्या नावाने हाक मारली जाते, हे मी पाहते.

आता उलट बाजूचं बोलणं मला पाठ आहे, म्हणून तेही घेते.

पहिलं, ‘सासरी जुळवून घ्यावं लागतं.’ लागतं. जुळवून घ्यायला आधी स्वतःचं काही असावं लागतं. जिचं काहीच उरू दिलं नाही, ती जुळवून काय घेणार? ती फक्त सोसणार. मुलीला सोसायला शिकवायचं असेल तर तसं स्वच्छ म्हणा, त्याला सलीका म्हणू नका.

दुसरं, ‘तुलनेने जिद्द येते.’ शर्यतीत येत असेल. बहिणींत तुलनेने दुरावा येतो. चाळिशीच्या बायकांना विचारा. आईबाप गेले, जमिनीचा वाटा गेला, आणि राहिलं काय तर ‘तुला नेहमी चांगलं म्हणायचे’. ही सल कित्येक घरांत अजून जिवंत आहे.

तिसरं, ‘मग शिस्त नको का?’ हवी. दोघींना एकच. खोटं बोलायचं नाही, नमाज आणि अभ्यास चुकवायचा नाही, कुणाला दुखवायचं नाही. नियम एक, वाट वेगळी. थोरलीला विचारून बोलतं करावं लागतं, धाकटीला थांबून ऐकायला शिकवावं लागतं. एकीला धक्का, दुसरीला लगाम. वाटणीच्या बाबतीत मात्र फरक नाही. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी एका मुलाला भेट दिली आणि साक्षीला प्रेषितांना (स.) बोलावलं, तेव्हा त्यांनी विचारलं की सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्ष नाकारली. हे आपण कपड्यालत्त्याला लावतो, कौतुकाला का लावत नाही? शाबासकी ही पण वाटणीच आहे.

अकबरी-असगरीच्या तराजूऐवजी दुसरं काही हवं असेल तर फार लांब जायला नको. हजरत अस्मा आणि हजरत आयशा (रजि.), अबूबक्र सिद्दीक (रजि.) यांच्या दोन मुली. अस्मा यांचे चिरंजीव अब्दुल्लाह बिन झुबैर यांनी आई आणि मावशीबद्दल सांगितलेली गोष्ट इमाम बुखारींच्या ‘अल-अदबुल मुफ्रद’मध्ये आहे. या दोघींइतक्या उदार बायका आपण पाहिल्या नाहीत, पण दोघींची रीत निराळी होती, असा तिचा आशय. हजरत आयशा थोडं थोडं जमवायच्या, पुरेसं झालं की वाटून टाकायच्या. हजरत अस्मा उद्यासाठी काही ठेवायच्याच नाहीत. सांगणाऱ्याने दोन रीती सांगितल्या आणि तो थांबला. कोणती बरी, हे ठरवलं नाही. आई की मावशी असा निकाल लावला नाही.

आमच्या घरी ईदी मिळाली की थोरली डब्यात टाकते. धाकटीची ईदी मगरिबपर्यंत गल्लीतल्या पोरांत कुल्फी होऊन संपते. लोक म्हणतात, एक समजूतदार, एक उधळी. मागच्या ईदनंतर थोरलीने डबा उघडला तो धाकटीच्या सायकलला घंटी घ्यायला. आणि त्या कुल्फीतली पहिली धाकटीने थोरलीलाच नेऊन दिली होती. यात कुणाचं कौतुक करू आणि कुणाला बोलू? मी दोघींचं केलं, वेगवेगळ्या शब्दांत.

तेव्हा विनंती नाही, मागणी आहे. घरी येणाऱ्या खाला, फुफी, मामूजान यांनी मुलींच्या समोर मुलींचा निकाल लावू नये. लावलाच तर त्या घरच्या आईने तिथल्या तिथे, अदबीने पण ऐकू जाईल असं, थांबवावं. पाहुण्याचा मान मोठा आहे, मुलीपेक्षा मोठा नाही. बापांनी हा बायकांचा विषय म्हणून पेपरात डोकं घालू नये. ‘मेरी दोनों बेटियां अच्छी हैं’ एवढं बापाच्या तोंडून निघालं तर निम्मं काम होतं. शिक्षकांनी गप्प मुलीच्या पत्रकात ‘बोलण्यास प्रोत्साहन हवे’ आणि बोलक्या मुलीच्या पत्रकात ‘जिज्ञासू आहे’ असं लिहायचं धाडस करावं. आणि मुलींच्या तरबियतवर तकरीर करणाऱ्या आलिमांनी लाजेच्या जोडीने खनसांची गोष्टही सांगावी.

दोन मुलींना सज्ञान होईपर्यंत नीट वाढवणारा माणूस कयामतीच्या दिवशी आपल्या जवळ असेल, असं प्रेषितांनी (स.) बोटं जुळवून दाखवलं होतं. मुली झालेल्या घरी ही हदीस दिलासा म्हणून सांगतात. ती दिलासा नाही, जबाबदारी आहे. आणि तिच्यात दोन मुली म्हटलंय. एक सीधी आणि एक सीधी केलेली, असं म्हटलेलं नाही.