छाप कोणाच्या नावे?

आगाशीकडची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवितात व तिची सुकेळी केळीच्याच वाळक्या पानांत बांधून विकतात, हे वाचकांस सांगावयास नको. मात्र त्या पुड्यावर करणाराची खूण नसेल, तर चांगला माल कोणाचा व हलका कोणाचा, हे गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? यास्तव बागाईतदारांच्या संस्थांनी आपली छाप ठरवून ती नोंदवावी, असे आमचे मत आहे. परंतु त्याआधी खर्चाचा हिशेब व मालकीचा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

१९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये नोंदणी होते. २०१७ च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अर्जास, मालाच्या प्रत्येक वर्गास, व्यक्ती वा लघुउद्योग यांस ४,५०० रुपये आणि इतरांस ९,००० रुपये फी आहे. सुकेळी २९ व्या वर्गात येते. ताजी केळी, फुले व भाजी ३१ व्या वर्गात. दोन्हींसाठी संस्थेस १८,००० रुपये पडतील. वकिलाची फी निराळी. तपासणीनंतर चिन्ह सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध होते व चार महिन्यांत कोणीही हरकत घेऊ शकतो. हरकत आल्यास खर्च वाढतो. नोंदणी दहा वर्षांची असते. पुढे नूतनीकरणास प्रत्येक वर्गाचे पुन्हा ९,००० रुपये लागतात, आणि तेथे व्यक्तीसही सवलत नाही.

हे आकडे पाहून पुष्कळांच्या मनात एक युक्ती येते: अर्ज चिटणीसाच्या नावे करावा, म्हणजे निम्मी फी वाचेल! ही काटकसर नव्हे, घात आहे. महसूल खात्यात कारकुनी करीत असता प्रस्तुत लेखकाने असे तंटे पुष्कळ पाहिले. पैसा सर्व भावांचा, सातबाऱ्यावर नाव एकाचे. आणि तो वारल्यावर त्याची मुले म्हणतात, ‘जमीन आमच्या वडिलांची.’ चिन्हाचेही तसेच आहे. ज्याचे नाव रजिस्टरात, तो कायद्याने धनी. उद्या चिटणीस बदलला, रुसला किंवा निवर्तला, तर संस्थेस स्वतःचीच छाप त्याच्याकडे वा त्याच्या वारसांकडे मागावी लागेल. ते राजी झाले तरी प्रत्येक चिन्हाच्या नामांतरास ऑनलाइन ९,००० रुपये फी आहे. लेखाचा खर्च वेगळा. म्हणजे वाचविलेले तेवढे गेले, आणि मनस्ताप पदरी आला. सवलतच हवी असेल तर सरळ मार्ग आहे: संस्थेस लघुउद्योगाचे प्रमाणपत्र मिळण्याजोगे असल्यास ते आधी घ्यावे.

दुसरी गोष्ट. नुसते ‘वसई’ हे नाव छाप म्हणून आपल्यापुरते राखू पाहणे सहसा साधत नाही. मालाचे ठिकाण दाखविणारा शब्द एकट्यास देण्यास कायदा प्रतिकूल आहे, आणि ते योग्यच. गावाचे नाव साऱ्या गावाचे. त्यासाठी भौगोलिक मानांकनाचा निराळा कायदा असून त्याची कचेरी चेन्नईस आहे. आपल्याच जिल्ह्यातील डहाणू-घोलवडच्या चिकूस ते मानांकन २०१६ साली मिळाले, आणि ते उत्पादकांच्या संघाच्या नावे आहे. असे मानांकन कोणास विकता वा गहाण टाकता येत नाही. तेव्हा छापेसाठी एखादे निराळे नाव व चित्र शोधावे.

आता खर्च झेपेल काय? दोनशे सभासद असल्यास १८,००० रुपयांचे माणशी ९० रुपये होतात. पुढील नूतनीकरणासाठी दरसाल १,८०० रुपये बाजूस ठेवले की दहा वर्षांनी धावपळ नाही. सबब वार्षिक सभेत ठराव करावा, चिन्ह संस्थेच्याच नावे घ्यावे, आणि मुदत संपण्याची तारीख इतिवृत्तात लिहून ठेवावी. नोंदणीचा दाखला हाती येईतो पुड्यावर ‘नोंदलेले’ अशी खूण छापू नये. तसे करणे कायद्याने दंडास पात्र आहे. आणि छाप मिळाल्यावर तिच्याखाली हलका माल एकदाही जाऊ देऊ नये. कारण रजिस्टर नाव राखते, पत राखणे सभासदांच्याच हाती आहे.